परीक्षा मुलाची, धास्ती घराची

फाल्गुन सरत आला म्हणजे खानदेशात दोन ताप बरोबरच चढू लागतात. एक उन्हाचा आणि दुसरा वार्षिक परीक्षेचा. जळगाव, भुसावळ, धुळे या बाजूचे ऊन कसे असते हे तेथील रहिवाशांस सांगावयास नको. चैत्र-वैशाखात पारा ४० अंशांची मर्यादा ओलांडून कित्येकदा ४५ च्या आसपास जाऊन बसतो. परंतु घरातील पाचवीच्या किंवा आठवीच्या मुलाभोवती जो ताप चढतो, त्याचे मोजमाप कोणत्याही वेधशाळेत होत नाही. आजोबा गणित विचारू लागतात, काका इंग्रजीची उजळणी मागतात, आई दुधाचा पेला घेऊन पाठीशी उभी राहते, आणि वडील कचेरीतून आल्याबरोबर पायांतील वहाणाही न काढता "आज किती धडे झाले?" असा प्रश्न टाकतात. ज्याच्यासाठी हा सारा खटाटोप, तो मुलगा मात्र दिवसेंदिवस अधिकाधिक गप्प होत जातो.

ही धास्ती आपल्या घरांत कोठून आली, आजच्या परीक्षांस ती कितपत लागू पडते, आणि तिच्याऐवजी मुलाला खरोखर उपयोगी पडेल असे घरातील वडील मंडळींस काय करता येईल, याचा थोडा शांतपणे विचार करावा एवढाच या लेखाचा हेतू आहे.

फायनलचा वारसा

जुन्या मुंबई इलाख्यात मराठी चार इयत्ता झाल्या म्हणजे मुलांच्या दोन वाटा होत. ज्यांच्या घरी फीची ऐपत असे, त्यांची मुले इंग्रजी पहिलीत जात आणि पुढे सात इयत्ता चढून मॅट्रिकला बसत. ज्यांना ते साधत नसे, किंवा ज्यांच्या गावापासून इंग्रजी शाळा दूर असे, ते मराठी शाळेतच सातवीपर्यंत शिकत. या सातवीच्या अखेरीस होणारी परीक्षा म्हणजे 'व्हर्नाक्युलर फायनल'. लोकांच्या तोंडी ती नुसती 'फायनल' म्हणूनच रूढ होती. पुढे तिला प्राथमिक शाळा प्रमाणपत्र परीक्षा असे नाव मिळाले.

१९०६ साली खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. पूर्वेचे ठाणे जळगाव आणि पश्चिमेचे धुळे. या दोन्ही जिल्ह्यांतील खेड्यापाड्यांत फायनल पास झालेल्या माणसास मोठा मान असे, आणि तो अकारण नव्हता. फायनलचा दाखला हाती पडला म्हणजे प्राथमिक शाळेत शिक्षक होता येई, तलाठ्याच्या किंवा कारकुनाच्या जागेसाठी अर्ज करता येई. तो हुकला म्हणजे बहुधा शिक्षणाचीच वाट बंद होई. एका मुलाच्या त्या दाखल्यावर धाकट्या भावंडांचे शिक्षण, बहिणीचे लग्न आणि घरावरचे कर्ज या साऱ्यांचा हिशेब अवलंबून असे. अशा परीक्षेची घराने धास्ती घेतली तर तिला अवाजवी कसे म्हणावे?

परंतु परिस्थिती पालटली तरी मनाची सवय मागे राहते. फायनल जाऊन कैक वर्षे लोटली. तिच्या दाखल्यावर नोकरी मिळण्याचे दिवसही गेले. तरीसुद्धा दहा वर्षांच्या मुलाच्या वार्षिक परीक्षेकडे आपण पणजोबांच्या डोळ्यांनीच पाहतो.

आजच्या परीक्षा कशा आहेत

शिक्षण हक्काचा कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. आठवीपर्यंत कोणत्याही मुलाला त्याच वर्गात मागे ठेवू नये, असा त्यात मूळचा दंडक होता. २०१९ साली त्यात दुरुस्ती होऊन पाचवी व आठवी या दोन इयत्तांच्या अखेरीस नियमित परीक्षा घेण्याची मोकळीक राज्यांस मिळाली. महाराष्ट्राने त्याप्रमाणे २०२३ मध्ये नियम केले आणि २०२३-२४ या शैक्षणिक वर्षापासून या परीक्षा सुरू झाल्या. पाचवीस प्रत्येक विषयाला ५० गुण आणि आठवीस ६० गुण, अशी त्यांची आखणी करण्यात आली. उत्तीर्ण होण्यास ३५ टक्के लागतात. म्हणजे पाचवीस १८ आणि आठवीस २१.

एवढे वाचूनच पुष्कळ घरे हादरली. "आता नापास करणार" एवढेच शब्द कानी पडले आणि पुढचे कोणी ऐकलेच नाही. पुढचा भाग असा की, जो मुलगा वार्षिक परीक्षेत कमी पडेल त्याला शाळेने अधिक मार्गदर्शन द्यावयाचे आणि निकालापासून दोन महिन्यांच्या आत त्याची पुन्हा परीक्षा घ्यावयाची. त्या दुसऱ्या परीक्षेतही तो कमी पडला, तरच त्याला त्याच वर्गात ठेवता येते. आणि तसे झाले तरी प्राथमिक शिक्षण पुरे होईपर्यंत कोणत्याही मुलास शाळेतून काढून टाकता येत नाही. जुनी फायनल दार लावून घेत असे. ही परीक्षा, पाया कोठे कच्चा राहिला आहे ते दाखविते आणि डागडुजीस अवधी देते.

दुसरी परीक्षा म्हणजे शिष्यवृत्तीची. ही योजना १९५४-५५ पासून चालत आली असून पुण्याची राज्य परीक्षा परिषद तिची व्यवस्था पाहते. पुष्कळ वर्षे ती चौथी व सातवीत होत असे. २०१६-१७ पासून ती पाचवी व आठवीत होऊ लागली. आणि २०२५ मध्ये शासनाने ती पुन्हा चौथी व सातवीकडे नेण्याचा निर्णय घेतला. पाचवीसाठी तिचे जे स्वरूप ठरले, त्यात एक प्रश्नपत्रिका प्रथम भाषा व गणित यांची आणि दुसरी तृतीय भाषा व बुद्धिमत्ता चाचणी यांची. प्रत्येकीत ७५ प्रश्न, १५० गुण आणि वेळ दीड तास. म्हणजे एका प्रश्नाला सरासरी ७२ सेकंद मिळतात. तयारी केलेल्या मुलाची हुशारी व चपळाई पारखणारी ही परीक्षा आहे. तीत यश आले तर आनंद मानावा. न आले तर मुलाचे पुढच्या वर्गात जाणे अडत नाही.

या दोन परीक्षांचे हेतू निरनिराळे आहेत. एक साऱ्या मुलांचा पाया पाहते, दुसरी काहींचा गौरव करते. आपण घरी दोहोंचा काला करतो. शिष्यवृत्तीच्या यादीत नाव नाही म्हणून मुलगा 'वाया गेला' असे म्हणतो, आणि वाचनात अडखळणाऱ्या मुलाकडे मात्र तो वरच्या वर्गात गेला एवढ्या समाधानावर वर्षानुवर्षे दुर्लक्ष करतो. खरी काळजी या दुसऱ्या मुलाची केली पाहिजे.

एका घरात सात मास्तर

एकत्र कुटुंबाचे मुलावर फार उपकार असतात. विचारावयास माणूस नाही असे तेथे कधी होत नाही. परंतु विचारावयास माणसे फार असणे हीही एक अडचणच आहे. वजाबाकीचेच उदाहरण घेऊ. आजोबा एका रीतीने हातचा घेतात, काका दुसऱ्या रीतीने, शाळेतील बाई दशकाची गाठ सोडून तिसऱ्या रीतीने शिकवितात. उत्तर साऱ्यांचे एकच येते. पण मुलाच्या डोक्यात तिन्ही रीतींची सरमिसळ होऊन चौथेच उत्तर येते. मग आजोबा शाळेला नावे ठेवतात, काका आजोबांना मनातल्या मनात हसतात, आणि मुलगा एवढेच शिकतो की गणित ही भांडणाची गोष्ट आहे.

यावर उपाय साधा आहे. मुलाच्या अभ्यासाचा कारभार घरातील एकाच माणसाकडे असावा. ते आईच असावे असे नाही. जिच्याजवळ किंवा ज्याच्याजवळ रोज ठराविक तासभर वेळ आहे आणि आवाज न चढविता बोलण्याची सवय आहे, ते कोणीही चालेल. त्या माणसाने महिन्यातून एकदा शाळेत जाऊन शिक्षकांस भेटावे, कोणती रीत वर्गात चालू आहे हे विचारून घ्यावे, आणि घरातील इतरांनी मदत करावयाची ती त्याच्या संमतीने करावी. घरात अनेक माणसे आहेत याचा खरा लाभ काम वाटून घेण्यात आहे. आजी गोष्ट ऐकेल, आजोबा पाढे घेतील, आत्या शुद्धलेखन पाहील. पण सूत्र एकाच्या हाती राहील.

परवचा आणि व्यवहारी गणित

दिवेलागणीला शुभंकरोति झाल्यावर परवचा म्हणण्याची चाल आपल्या घरांतून हल्ली मागे पडली आहे. ती पुन्हा सुरू करण्यास काही खर्च येत नाही. मोठ्या मुलांनी म्हणावयाचे आणि धाकट्यांनी ऐकता ऐकता उचलावयाचे, ही त्यातली मोठी सोय आहे. पूर्वी नुसते तीसपर्यंत पाढे म्हणून भागत नसे. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हीही म्हणावी लागत. १ एप्रिल १९५७ पासून दशमान नाणी आली, पुढे वजने-मापेही दशमान झाली आणि या अपूर्णांकांच्या पाढ्यांची गरज संपली असे सर्वांनी धरून चालले. परंतु ज्या मुलाच्या जिभेवर "सोळा दीडे चोवीस" आहे, त्याला १६ गुणिले १.५ हे उदाहरण कागदावर मांडण्याचेही कारण पडत नाही. सारी औटकी मुलाच्या माथी मारावी असे आम्ही म्हणत नाही. पावकी, निमकी, दिडकी एवढी जरी आली तरी अपूर्णांकांचे भय निम्मे होते.

मात्र पाठांतराबरोबर अर्थही यावयास हवा, आणि या बाबतीत खानदेशाने दूर जाऊन काही शिकावे असे नाही. चाळीसगावाजवळ पाटण येथे एक शिलालेख आहे. थोर गणिती भास्कराचार्य यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांचे अध्ययन चालावे म्हणून तेथे मठ स्थापन केल्याची नोंद त्यात आहे. लेख तेराव्या शतकाच्या आरंभीचा. म्हणजे आजोबांचे गणित नातवाने जतन केल्याचा दाखला आपल्याच जिल्ह्यातील दगडावर कोरलेला आहे. भास्कराचार्यांनी ११५० च्या सुमारास लिहिलेल्या 'लीलावती'त उदाहरणे कशी आहेत हेही पाहण्यासारखे आहे. कमळांवर बसणारे भुंगे, तळ्यातील हंस, तुटलेल्या हारातून ओघळलेली मोती, अशा डोळ्यांपुढे उभ्या राहणाऱ्या वस्तूंचा हिशेब ते विचारतात. कोरड्या आकड्यापेक्षा वस्तूचा हिशेब मुलाला लवकर कळतो, हे त्या आचार्यांस ठाऊक होते.

आपल्या घरी भुंगे आणि हंस नसले तरी दूधवाला आहे. दूध ६० रुपये लिटर, रोजचे दीड लिटर, मार्चमध्ये दोन दिवस खाडा. तर महिन्याचे बिल किती? मुलाने ३१ मधून २ वजा करावे, दीड लिटरचे ९० रुपये काढावे आणि २६१० हे उत्तर स्वतः दूधवाल्यास सांगावे. केळीच्या घडाला ८ फण्या, प्रत्येक फणीत १५ केळी, त्यातील दहावा हिस्सा काळी पडून वाया गेली. तर किती डझन उरली? १२० केळी, १२ गेली, १०८ उरली. बरोबर ९ डझन. ओसरीची लांबी-रुंदी टेपने मोजून तिला किती फरश्या लागतील हे काढले, म्हणजे क्षेत्रफळाचा धडा पुन्हा शिकवावा लागत नाही. असा एक हिशेब रोज झाला तरी परीक्षेतील शाब्दिक उदाहरणे परकी वाटत नाहीत.

पुस्तक मिटून सांगणे

आपल्याकडे अभ्यास म्हणजे पुस्तक पुन्हा पुन्हा वाचणे अशी समजूत आहे. पाच वेळा वाचलेला धडा ओळखीचा वाटू लागतो आणि ओळखीचा वाटला म्हणजे येतो असा मुलाचा समज होतो. हर्मान एबिंगहाउस या जर्मन शास्त्रज्ञाने १८८५ साली स्वतःवरच प्रयोग करून दाखविले की, पाठ केलेले प्रथम फार वेगाने विसरले जाते आणि मग विसरण्याचा वेग मंदावतो. पुढे २००६ साली अमेरिकेत रोएडिगर व कार्पिके या दोघा संशोधकांनी विद्यार्थ्यांचे दोन गट करून पाहिले. एका गटाने उतारा पुन्हा वाचला. दुसऱ्याने तो मिटून आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. एका आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणाऱ्यांच्या ध्यानात अधिक राहिले होते.

घरातील परीक्षक म्हणून यासाठी आजीसारखे माणूस नाही. इतिहासाचा धडा वाचून झाला म्हणजे मुलाने पुस्तक मिटून तो आजीला गोष्टीसारखा सांगावा. आजी गुण देत नाही, चूक काढून हिणवीत नाही; ती फक्त "मग पुढे?" एवढेच विचारते. या दोन शब्दांत मुलाला कोठे येते आणि कोठे अडते ते लख्ख उमगते. जेथे अडले तेवढेच पुन्हा वाचावे. तोच धडा दुसऱ्या दिवशी, मग आठवड्याने, मग महिन्याने थोडा थोडा आठवून पाहावा. एका रात्रीत चार वेळा केलेल्या घोकंपट्टीहून ही अंतराअंतराने केलेली उजळणी अधिक टिकते आणि तिला श्रमही कमी पडतात.

याच्या जोडीला एक 'चुकांची वही' ठेवावी. गणितात चुकलेले उदाहरण, शुद्धलेखनात चुकलेला शब्द मुलाने स्वतः तीत उतरून काढावा आणि शेजारी बरोबर उत्तर लिहावे. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात साऱ्या पुस्तकांचा डोंगर उपसण्याऐवजी ही एकच वही चाळली तरी पुष्कळ काम होते. ही वही पाहुण्यांस दाखवावयाची नसते, आणि तिच्यावरून बोल लावावयाचे नसतात, हे पथ्य मोठ्यांनी पाळले नाही तर मुलगा ती लपवू लागेल.

घरची बोली आणि उत्तरपत्रिकेची भाषा

धुळे व नंदुरबार या जिल्ह्यांत आणि जळगावच्या पश्चिम भागात अहिराणी बोलली जाते. यावल, रावेर, भुसावळ या बाजूस लेवा बोली. घरात प्रमाण मराठी असली तरी अंगणात, वर्गात, बाजारात मुलाच्या कानावर बोली पडते आणि ती त्याच्या उत्तरपत्रिकेत उतरते. "मी जास" असे लिहिणाऱ्या मुलाला आपण 'अशुद्ध' म्हणून दटावतो. वस्तुतः तो अशुद्ध लिहीत नाही; तो एका भाषेच्या जागी दुसरी लिहितो. आसोदे गावी १८८० साली जन्मलेल्या बहिणाबाई चौधरी यांना अक्षरओळख नव्हती. त्यांची गाणी त्यांच्याच बोलीत आहेत. १९५१ साली त्या वारल्या, १९५२ साली आचार्य अत्रे यांच्या प्रस्तावनेसह ती गाणी प्रसिद्ध झाली आणि साऱ्या महाराष्ट्राने ती डोक्यावर घेतली. जळगावच्या विद्यापीठास २०१८ साली त्यांचेच नाव देण्यात आले. त्या बोलीस आपण अंगणात हिणवावे हे शोभत नाही.

मुलाला एवढेच समजावून सांगावे की, घरी नेसावयाचे वस्त्र निराळे आणि सभेत जाण्याचे निराळे. दोन्ही आपलीच. 'मी जास' समोर 'मी जातो' असे जोडशब्द त्याच्याकडून गमतीने लिहवून घ्यावे. दोन भाषा ओळखून वेगळ्या ठेवणारा मुलगा तिसरी, म्हणजे इंग्रजीही, सोपेपणाने शिकतो.

भाषेच्या तयारीत श्रुतलेखनास फार महत्त्व आहे. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० पर्यंत शिक्षक असलेले साने गुरुजी तेथील छात्रालयातील मुलांसाठी हस्तलिखित पत्र काढीत. मुलांना रोज काहीतरी ताजे वाचावयास मिळावे हा त्यातील हेतू. पुढे १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचने दिली, ती ऐकता ऐकता टिपून घेण्याचे काम गुरुजींनीच केले आणि म्हणून ती आज आपल्याला ग्रंथरूपाने मिळतात. ऐकलेले ध्यानी धरून नीट अक्षरांत उतरविणे ही केवढी मोठी विद्या आहे, याचा खानदेशातीलच हा दाखला. रोज दहा ओळी कोणीतरी सावकाश वाचाव्या आणि मुलाने लिहाव्या. तीन महिन्यांत अक्षर, वेग आणि शुद्धता या तिन्हींत फरक पडतो.

झोप, ऊन आणि लग्नसराई

परीक्षेच्या दिवसांत मुलाला पहाटे चारला उठवून आणि रात्री अकरापर्यंत बसवून ठेवणे याला काही घरांत शिस्त म्हणतात. सहा ते बारा वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी नऊ ते बारा तास झोप हवी, असे निद्राविषयक वैद्यांचे मत आहे. दिवसा वाचलेले मेंदूत पक्के बसते ते झोपेतच. तेव्हा झोप तोडून केलेला अभ्यास म्हणजे फुटक्या घागरीने भरलेले पाणी. खानदेशच्या उन्हाळ्यात सकाळची शाळा असते. मुलगा घरी येतो तो तापूनच. त्याला आल्याबरोबर पुस्तकाशी बसवू नये. पाणी, ताक, पन्हे, जेवण आणि तासभर विसावा झाल्यावर, ऊन उतरता उतरता बसवावे. अभ्यासाची बैठक सलग तीन तासांची नसावी. अर्धा-पाऊण तास बसून थोडे पाय मोकळे करावे.

याच सुमारास लग्नसराई सुरू होते, मुंजींचे मुहूर्त निघतात, आखाजीस लेकी माहेरी येतात. ही सारी घराची शोभा आहे आणि मुलाने तिला मुकावे असे कोणी म्हणणार नाही. पण मुहूर्त काढताना पंचांगाबरोबर शाळेचे वेळापत्रकही पाहावे. ज्या घरात दहा पाहुणे उतरले आहेत, त्यात मुलाच्या बैठकीचा कोपरा मोडला जाणार नाही एवढे पाहणे कर्त्या माणसाचे काम आहे. आणि मुलाने मोबाईल बाजूस ठेवावा असे वाटत असेल, तर त्या एका तासापुरता तो वडिलांनीही बाजूस ठेवावा. मुले उपदेशापेक्षा उदाहरण लवकर उचलतात.

तिचाही तास

येथे एका गोष्टीचा उच्चार स्पष्ट केला पाहिजे. एकाच घरात भाऊ आठवीत आणि बहीण पाचवीत असते. भाऊ अभ्यासास बसला म्हणजे घर पाऊल न वाजविता चालते. बहीण बसली म्हणजे "जरा पाने मांड", "धाकट्याला जरा पाहा", "पाणी आण" अशा हाका सुरू होतात. प्रत्येक हाक क्षुल्लक, पण दहा हाकांत तास संपतो. निकालाच्या दिवशी मात्र दोघांच्या गुणांची तुलना होते. घरकाम मुलीला यावे हे खरे, मुलालाही यावे. पण तिचा जो तास ठरला असेल त्या तासात तिला कोणी हाक मारू नये, हा नियम भिंतीवर लिहून लावण्याच्या योग्यतेचा आहे. आणि आत्येभाऊ, मामेबहिणी, शेजारची मुले यांच्याशी तुलना तर कोणाचीच करू नये. कालच्या स्वतःपेक्षा आज किती पुढे आलो, एवढीच तुलना मुलाला बळ देते.

निकालाचा दिवस

परीक्षेची खरी तयारी निकालाच्या दिवशी घर कसे वागेल, यावर बरीच अवलंबून असते. कारण मुलाला त्या दिवसाची कल्पना आधीपासून असते. नापास झालो तर मार बसेल, चारचौघांत पाणउतारा होईल, हे ज्याला ठाऊक आहे त्याचे अर्धे लक्ष प्रश्नपत्रिकेपेक्षा त्या भयाकडे लागलेले असते. म्हणून परीक्षेपूर्वीच घरातील सर्वात वडील माणसाने मुलाला जवळ बसवून शांतपणे सांगावे, "तू मन लावून काम केले आहेस. काय येईल ते आपण सारे मिळून पाहू. कमी पडले तर पुन्हा परीक्षा आहे, आणि त्या वेळीही आम्ही तुझ्याजवळच आहोत." असे शब्द वडिलांच्या तोंडून आले म्हणजे मुलाला केवढा धीर येतो!

आणि खरोखरच कमी गुण पडले, तर? प्रथम दोन दिवस काही बोलू नये. मग कारभार ज्याच्याकडे आहे त्याने शाळेत जाऊन उत्तरपत्रिका पाहावी. कोणत्या विषयात, कोणत्या प्रकारच्या प्रश्नांत अडले ते नेमके लिहून घ्यावे. वाचन सावकाश आहे, की पाढे कच्चे आहेत, की मुलाला फळ्यावरचे नीट दिसतच नाही? ही शेवटची शक्यता पुष्कळ घरांत सुचत नाही. डोळे तपासून चष्मा मिळताच 'मठ्ठ' ठरलेली मुले वर्गात पुढे आल्याचे शिक्षक सांगतात. पुन्हा होणाऱ्या परीक्षेपर्यंत जो अवधी मिळतो, त्यात सारी पुस्तके पहिल्यापासून घोकविण्याऐवजी तेवढ्याच कच्च्या जागा भरून काढाव्या. नापासाची गोष्ट नातेवाइकांत, ओसरीवर, फोनवर चर्चेस घेऊ नये. ती मुलाची खाजगी बाब आहे आणि घराने ती राखली पाहिजे.

दहा-अकरा वर्षांचे मूल परीक्षेतील प्रश्न पुढे विसरून जाते, गुणही विसरते. त्या दिवसांत घर आपल्या बाजूचे होते की परीक्षकाच्या बाजूचे, हे मात्र ते जन्मभर विसरत नाही. आपल्या पूर्वजांनी फायनलची धास्ती घेतली ती त्यांच्या काळाची गरज होती. आपण तिच्याऐवजी मुलाच्या वाट्यास रोजचा एक शांत तास, पुरी झोप आणि विश्वासाचे चार शब्द दिले, तर पाचवी-आठवीची परीक्षा त्याच्या हातून रीतसर पार पडेल आणि शिकण्याची गोडीही शाबूत राहील.